प्रवासात गाडी बंद पडली तर? खान्देशातल्या रस्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात, कानबाईच्या उत्सवाला भाऊबंद एकत्र जमतात, दिवाळीत पुण्या-मुंबईची आणि सुरतेची कुटुंबं धुळे-जळगाव-नंदुरबारच्या वाटेला लागतात. सहा माणसं, डिक्की भरून सामान, आत एसी आणि बाहेर ऊन. गाडीची खरी परीक्षा याच प्रवासात होते. अशा वेळी गाडी बंद पडली तर काय करायचं, याबद्दल घराघरांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. ती देताना एकच क्रम पाळला आहे: आधी माणसं, मग रस्त्यावरची इतर वाहनं, आणि गाडी त्यानंतर.

चालत्या गाडीत काहीतरी बिघडल्याची शंका आली. तिथेच थांबू की पुढच्या गावापर्यंत नेऊ?

लाल दिवा लागला असेल तर सुरक्षित जागा दिसताच थांबा. ऑइलच्या किटलीचं लाल चिन्ह म्हणजे इंजिनाला ऑइलचा दाब मिळत नाही, आणि अशा अवस्थेत इंजिन काही मिनिटांत कायमचं खराब होऊ शकतं. थर्मामीटरचं लाल चिन्ह म्हणजे इंजिन तापलं. या दोन्हींत "पुढच्या फाट्यापर्यंत निघून जाईल" असं म्हणून गाडी दामटली जाते आणि काही शे रुपयांच्या होज पाइपचं काम इंजिनाचं हेड काढण्यापर्यंत जातं. मिस्तरींकडे येणाऱ्या मोठ्या कामांमागे बरेचदा हेच एक वाक्य असतं.

बॅटरीचं लाल चिन्ह थोडं वेगळं. अल्टरनेटर चार्ज करत नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल तर एसी आणि गाणी बंद करून दिवसाउजेडी जवळच्या गावापर्यंत जाता येतं. मात्र त्याच वेळी स्टिअरिंग जड झालं किंवा तापमानाचा काटा वर चढू लागला, तर बेल्ट तुटला आहे असं समजा आणि थांबा. ब्रेकचा लाल दिवा दिसला तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते बघा. सुटलेला असूनही दिवा जात नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालं असण्याची शक्यता आहे, आणि त्या गाडीत कुटुंब घेऊन एक किलोमीटरही पुढे जाऊ नका.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल तर वेग कमी करून थांबा.

गाडी हायवेवर बंद पडली. पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं?

गाडीत वेग शिल्लक आहे तोवरच चारी इंडिकेटर लावून तिला डावीकडे घ्या. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो, पण दोन्ही काम करत असतात. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, एकदाच घट्ट दाबा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

थांबल्यावर सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरायचं आणि रस्त्यापासून दूर, कठडा असेल तर कठड्यापलीकडे जायचं. इथेच घरात वाद होतो. आजी म्हणते, "मी आतच बसते, गुडघे दुखतात." बाळ झोपलेलं असतं. ऊन मी म्हणत असतं. तरीही उतरायचं. हायवेवर उभ्या गाडीला मागून ट्रक धडकणं हा या प्रसंगातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि त्या धडकेत आत बसलेला माणूस वाचणं अवघड असतं. मुलांचा हात एका मोठ्या माणसाने धरून ठेवायचा, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. बोनेट उघडून चारही पुरुष भोवती जमतात आणि मुलं रस्त्याच्या कडेला खेळत राहतात, असं होऊ देऊ नका.

त्यानंतर परावर्तक त्रिकोण. गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर, हायवेवर शक्यतो १०० मीटरवर ठेवा. ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी कडेने चाला.

त्रिकोण नाही. दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवल्या तर?

हिरव्या पाल्याची फांदी चालते, दिवसा ती लांबून दिसते. दगड ठेवू नका. गाडी दुरुस्त झाली की माणसं घाईने निघून जातात आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्यावर मोटारसायकल आदळली तर चालवणाऱ्याचा जीव जातो. चाकाला ओट म्हणून, म्हणजे गाडी घरंगळू नये यासाठी, लावलेला दगडही निघताना उचलून रस्त्याबाहेर टाकायचा. हे काम घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाकडे सोपवा, मुलं असं काम मनापासून करतात.

घाटात बंद पडली तर?

खान्देशातून बाहेर पडायचं तर बहुतेक दिशांना घाट आहे. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, फर्दापूरहून वर अजिंठ्याचा घाट, धुळ्याच्या दक्षिणेला लळिंग, साक्रीहून नवापूरकडे कोंडाईबारी, सेंधव्याच्या बाजूला बिजासन, आणि सातपुड्यात तोरणमाळ व चांदसैली. घाटात त्रिकोण गाडीपासून किती मीटरवर आहे यापेक्षा तो वळणाच्या अलीकडे आहे का हे महत्त्वाचं. मागून येणाऱ्याला वळण घेण्याआधीच तो दिसला पाहिजे. जमल्यास एक धडधाकट माणूस वळणाच्या तोंडाशी, रस्त्याबाहेर उभा राहून रुमाल हलवत राहू द्या.

गाडी चढावर असेल तर हँडब्रेक, पहिला गियर आणि मागच्या चाकांमागे ओट. उतारावर असेल तर रिव्हर्स गियर आणि ओट पुढच्या चाकांपुढे. ही ओट लागेपर्यंत ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढू नये.

उतरताना ब्रेक लागेनासे झाले, जळका वास आला. हे काय असतं?

सतत ब्रेक दाबून ते तापतात आणि पकड सोडतात. लोअर गियर टाकत जा, इंजिनाने वेग आवळू द्या, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि मोकळी जागा मिळताच थांबा. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. अर्धा तास थांबलात तर ब्रेक बहुधा पुन्हा धरतात, पण पेडल स्पंजासारखं आत जात असेल तर पुढे निघू नका. डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरण्याची काहींची सवय असते. गाडीत कुटुंब असताना तर ती अजिबात नको.

इंजिन गरम झालं. पाणी कधी घालायचं?

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. काटा वर सरकताना दिसला की प्रथम एसी बंद करा. मग काचा उघडून हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हे ऐकायलाही नको वाटतं, पण हीटर इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो आणि सावली शोधायला दोन-तीन मिनिटं मिळतात. काटा लाल पट्ट्यात गेला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल तर ही दोन मिनिटंही घेऊ नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता थांबायचं. किमान अर्धा तास, उन्हात पाऊण तास. या वेळात रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर आणि हातांवर येतं. मदतीला थांबलेला एखादा भला माणूस "मी उघडतो, मला सवय आहे" म्हणाला तरी त्यालाही थांबवा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतणंही चूक आहे, धातूला तडा जाऊ शकतो.

इंजिन हाताला कोमट लागू लागलं की जाड कापड धरून झाकण थोडं फिरवा, वाफ जाऊ द्या, मग उघडा. पाणी थोडं थोडं घाला. घातलेलं पाणी खालून गळत असेल तर होज, रेडिएटर किंवा वॉटर पंप गेला आहे, आणि गाडी टोचन करूनच न्यावी लागेल. गळत नसेल तर इंजिन चालू करून रेडिएटरचा पंखा फिरतो का ते बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा पंख्याची मोटर यांपैकी काहीतरी गेलं आहे. गावातला वायरमन मिस्तरी हे काम करून देतो.

एक स्थानिक कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून रुई उडते. ती, धूळ आणि किडे रेडिएटरच्या जाळीत अडकून चिंधी कोंबल्यासारखी जाळी बंद होते. कूलंट पूर्ण भरलेलं, पंखा चालू, तरी चढावर गाडी तापते. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही आणि औट्रम घाटाच्या मध्यावर काटा चढतो. दिवाळीनंतरच्या प्रवासाआधी वॉशिंग सेंटरवर ही जाळी समोरून कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. जास्त दाबाने पत्री वाकते.

कूलंट नाही, शेतातल्या बोअरचं पाणी घातलं तर चालेल?

अडचणीत कुठलंही स्वच्छ पाणी चालतं. बोअरचं पाणी क्षारयुक्त असल्याने आत थर बसतो, म्हणून घरी पोहोचल्यावर सिस्टिम धुऊन योग्य कूलंट भरा. पिण्याच्या पाण्याचा जार जवळ असेल तर ते पाणी चांगलं, पण मे महिन्यात ते आधी माणसांसाठी राखा.

मे महिन्यात भर दुपारी गाडी बंद पडली. लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत आहेत. काय करू?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात गाडीची दुरुस्ती हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे सावली. हायवेचं चौपदरीकरण झालं तेव्हा कडेचे जुने निंब-वड बरेच गेले, त्यामुळे झाडाखाली उभं राहायचा पर्याय सगळीकडे उरलेला नाही. उड्डाणपुलाखाली, बसथांब्याच्या निवाऱ्यात, पेट्रोल पंपावर, ढाब्यावर किंवा शेतातल्या घरी जा. खान्देशात कुणाच्या मळ्यात जाऊन "भाऊ, गाडी बंद पडली, लेकरांना सावलीत बसू द्या" म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही. "काय व्हयनं भाऊ?" असा प्रश्न आणि पाण्याचा तांब्या बरोबरच येतो. संकोच करू नका.

बंद गाडीत कुणालाही बसवून ठेवू नका. एसी बंद झाल्यावर उन्हातल्या गाडीचं आतलं तापमान फार झपाट्याने वाढतं, काचा थोड्या खाली असल्या तरी. डोक्याला ओला रुमाल किंवा उपरणं, थोडं थोडं पाणी, ओआरएस असेल तर ते. नसेल तर साखर-मिठाचं पाणी: एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एखाद्याला उलट्या होऊ लागल्या, तो असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतकं गरम झालं तर हा उष्माघात आहे. १०८ला फोन करा, सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

म्हणूनच एप्रिल-मेमध्ये शक्य असेल तर पहाटे निघा आणि अकराच्या आत मुक्कामी पोहोचा. सरळ रेषेतला बेत यात मोडावा लागला, वाटेतलं एखादं देवदर्शन संध्याकाळवर गेलं, तरी चालेल.

स्टेपनी बदलायची आहे, पण आजवर कधी केलं नाही.

सपाट, कडक जमीन शोधा. हँडब्रेक लावा, पहिल्या गियरमध्ये टाका आणि पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला ओट लावा. सगळी माणसं खाली. नट आधी, गाडी जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करायचे. हात पुरत नसेल तर पान्ह्यावर पाय देऊन जोर लावा. मग जॅक. तो गाडीखालच्या खाचेच्या ठिकाणीच लावायचा, पत्र्याला नाही. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवा. गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. नवं चाक बसवताना नट समोरासमोरचे, आलटून-पालटून आवळायचे आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा पूर्ण जोराने.

स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर ती तात्पुरती आहे. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळा. उजव्या बाजूचं, म्हणजे वाहनांच्या बाजूचं चाक बदलायचं असेल आणि कडेला पुरेशी जागा नसेल, तर पंक्चर चाकावर सावकाश थोडं पुढे जाऊन रुंद जागा गाठा. टायर खराब होईल, होऊ द्या.

वेगात टायर फुटला तर?

ब्रेक मारू नका. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या, मग डावीकडे या. उन्हाळ्यात टायर फुटतात ते मुख्यतः कमी हवा, जास्त वजन आणि जुनं रबर यांमुळे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षं जुन्या टायरवर मे महिन्यात ताशी शंभरच्या वेगाने कुटुंब नेऊ नये.

सेल्फ मारला तर नुसतं टकटक होतं.

बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोकं सैल झाली आहेत. आधी टोकं हलवून बघा, पांढरा क्षार जमला असेल तर घासून घट्ट करा. जंप केबल लावायची असेल तर क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या कोऱ्या धातूला. काढताना उलट क्रम. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गियरच्या गाडीला जमतो: किल्ली चालू, क्लच दाबून दुसरा गियर, गाडीने वेग धरला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिकला कितीही ढकला, उपयोग नाही. आणि ढकलणारी माणसं हायवेच्या लेनमध्ये येणार असतील तर हा प्रयोग करूच नका.

पावसात फरशी पुलावरून पाणी जातंय. थोडंच आहे, जाऊ का?

नाही. सातपुड्यात पाऊस झाला की अनेर, सुकी, गोमाई यांसारख्या नद्यांना खाली ऊन असतानाही पूर येतो. पाणी मिनिटांत वाढतं. साधारण एक फूट वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते आणि दोन फुटांत मोठी गाडीही वाहून जाते. फरशीचा एखादा तुकडा वाहून गेला असेल तर गढूळ पाण्यात तो दिसतही नाही. गावातले पोरं पलीकडून हात करून "या, या" म्हणतात, त्यांच्या भरवशावर जाऊ नका. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात अतिवृष्टी झाली तेव्हा गावांत पाणी शिरलं आणि औट्रम घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. अशा दिवशी प्रवास पुढे ढकला.

पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माणसं बाहेर काढा, मग गाडी ओढून घ्या.

सातपुड्याच्या रस्त्यावर दगड लागून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटलं.

खाली काळं ऑइल सांडत असेल तर इंजिन तत्काळ बंद करा आणि सुरू करू नका. चेंबरला साबण किंवा एम-सील लावून चालवायचा सल्ला मिळेल. ऑइल भरून अगदी जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरताच तो उपाय, आणि तोही मिस्तरी सोबत असेल तरच. धडगाव, तोरणमाळ भागात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून निघण्याआधी शहादा किंवा तळोदा इथल्या कुणाला तरी "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा" असं सांगून ठेवा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी ११२ला करून बघा. दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर त्यावरून तो लागतो.

फोन कुणाला करायचा? आणि जागा कशी सांगायची?

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, चोवीस तास, मोफत. गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका त्यांच्यामार्फत येते. रस्ता मोकळा करणं हे त्यांचं मुख्य काम आहे. गाडी दुरुस्त करून देतील अशी अपेक्षा ठेवू नका, आणि क्रेनने कुठवर नेणार व पैसे लागणार का हे आधीच विचारा. जीवाला धोका किंवा भांडण असेल तर ११२, आजारी किंवा जखमी असेल तर १०८. विम्यासोबत किंवा गाडीच्या कंपनीकडून रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर तो क्रमांक मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्ही ठिकाणी लिहून ठेवा.

जागा सांगताना किलोमीटरचा दगड शोधा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. सुरत-धुळे-जळगाव-मलकापूर हा ५३ क्रमांकाचा, शिरपूर-धुळे-चाळीसगाव-कन्नड हा ५२ क्रमांकाचा महामार्ग. जुनी माणसं अजून "सहा नंबर" आणि "आग्रा रोड" म्हणतात. गावच्या मिस्तरीला तीच नावं कळतात, हेल्पलाइनला नवीन क्रमांक. मिस्तरीला फाट्याचं नाव, जवळचा पंप किंवा जिनिंग सांगा, आणि सोबत व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवा. धुळ्याकडे जाणारी बाजू की जळगावकडे, हे सांगायला विसरू नका. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेली क्रेन वळून यायला बराच वेळ जातो.

फाट्यावरच्या मिस्तरीवर भरवसा ठेवावा का?

ठेवावा. या भागातले मिस्तरी ट्रॅक्टर, जीप, ट्रक यांच्यावर हात बसलेले असतात. होज, बेल्ट, क्लच केबल, पंक्चर, वायरिंग, डिझेलमधली हवा काढणं ही कामं ते उत्तम करतात. काम सुरू होण्याआधी मजुरी आणि पार्टचा अंदाज विचारा, यात कुणालाच वाईट वाटत नाही. बदललेला पार्ट परत मागा. नव्या गाडीत सेन्सरचा बिघाड असेल तर स्कॅनर लागतो आणि तो जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार अशा ठिकाणीच सहज मिळेल. तिथे फाट्यावर अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. गाडी वॉरंटीत असेल तर तात्पुरती दुरुस्ती करून सर्व्हिस सेंटर गाठा आणि पावती जपून ठेवा.

दूर आडरानातून कुणी मोटारसायकलवर हत्यारं घेऊन आला असेल तर ठरलेल्या मजुरीत येण्या-जाण्याचे पैसे वेगळे द्या. भर उन्हात तो तुमच्यासाठी आला आहे.

टोचन करून नेलं तर चालतं का?

मॅन्युअल गाडी थोड्या अंतरासाठी, सावकाश, चांगल्या दोरावर चालते. किल्ली चालू ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, आणि बंद इंजिनात ब्रेक जड असतात हे लक्षात ठेवून अंतर राखा. आत फक्त चालवणारा बसेल, बाकी कुणी नाही. हायवेवर, घाटात आणि अंधारात टोचन नको. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची, चाकं फिरली की गियरबॉक्स किंवा मोटर खराब होऊ शकते.

सीएनजी गाडीत गॅसचा वास आला.

इंजिन बंद, सगळे बाहेर, दारं आणि डिक्की उघडी, कुठलंही बटण दाबायचं नाही, फोन लांब जाऊन करायचा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जातो. वास गेल्यावर डिक्कीतला व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा आणि गाडी पेट्रोलवरही न चालवता मिस्तरी बोलवा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, प्रवासाआधी तिची तारीख बघा.

रात्री बंद पडली तर गाडीत झोपून सकाळची वाट बघावी का?

हायवेच्या कडेला कधीच नाही. हिवाळ्यात शहादा-तळोद्याकडे उसाच्या ट्रॉल्या, रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक रात्रभर चालतात, आणि अंधारात कडेची गाडी त्यांना शेवटच्या क्षणी दिसते. कुटुंबाला पंप, टोलनाका किंवा गर्दीचा ढाबा अशा उजेडाच्या ठिकाणी हलवा. सोबत फक्त बायका-मुलं असतील तर ११२ला तसं स्पष्ट सांगा. गाडीजवळ थांबायचंच झालं तर दोघांनी, रस्त्यापासून लांब.

गाडीला दोन दिवस लागणार. घरच्यांना पुढे कसं पाठवू?

लालपरी सगळ्यात खात्रीची. साधी एसटी हात दाखवल्यावर थांबते, महिलांना निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वे हवी असेल तर सुरत मार्गावर धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर आणि मुंबई मार्गावर जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, साक्री इथे रेल्वे नाही, तिथे एसटी किंवा काळी-पिवळी. सगळ्यांनी मिळून गाडीपाशी ताटकळत बसण्यात अर्थ नाही. एक जण गाडीसोबत राहील, बाकीच्यांनी लग्नघरी पोहोचावं.

विमा पैसे देतो का?

यांत्रिक बिघाडाचे नाही. साधी पॉलिसी अपघातासाठी असते, आणि अपघातानंतर गाडी ओढून नेण्याचा खर्चही त्यात मर्यादित, बहुधा १,५०० रुपयांपर्यंतच असतो. रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यावरची मदत) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीसाठीचा जादा विमा) ही जोड स्वतंत्रपणे घ्यावी लागते. पावसाळ्यात प्रवास करणाऱ्याने इंजिन प्रोटेक्ट घ्यावं, असं माझं मत आहे. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात.

दुसऱ्याची गाडी बंद दिसली. थांबलो तर पोलिसांच्या चौकशीत अडकू का?

थांबा. अपघात झालेला असला तरी मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, नाव सांगण्याची सक्तीही नसते. फक्त तुमची गाडी पुढे, रस्त्याबाहेर लावा. पाण्याची बाटली द्या, आणि मुलं-म्हातारी असतील तर त्यांना पुढच्या गावापर्यंत न्या.

निघण्याआधी काय तपासू आणि डिक्कीत काय ठेवू?

गाडी थंड असताना कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल. स्टेपनीची हवा, जी बहुतेक घरांत वर्षभर कुणी पाहिलेली नसते. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या, खान्देशातल्या उन्हात बॅटऱ्या लवकर थकतात. डिक्कीत त्रिकोण, टॉर्च, जंप केबल, दोर, जॅक-पान्हा, फळी, पाच लिटर पाणी गाडीसाठी आणि तेवढंच वेगळं पिण्यासाठी. जॅक सामानाच्या तळाशी नको, नाहीतर तो काढायला अख्खी डिक्की रस्त्यावर मांडावी लागते. आणि घरची शिदोरी: कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, गूळ-शेंगदाणे. यातलं काहीच उन्हात लवकर खराब होत नाही.

गाडी दुरुस्त झाली. लगेच निघू?

मिस्तरीसमोरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, काटा आणि गळती बघा, मग त्याला सोबत घेऊन एक छोटी चक्कर मारा. त्याचा फोन नंबर घ्या. त्रिकोण, पान्हा आणि झाकण जागेवर आले का ते बघा, चाकाखालचे दगड काढा. पहिले २० किलोमीटर एसी बंद ठेवून सावकाश जा आणि एकदा थांबून खाली काही टपकतंय का ते पाहा. चाक बदललं असेल तर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. कूलंट घातलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा बघा. रात्रीत ती उतरली असेल तर परतीच्या प्रवासाआधी गॅरेज गाठा.